पुढचा पाय

पंचाहत्तरीला टेकलेल्या बाईने चेंडू फेकायला शिकावं का, हे मला कुणी विचारलं नाही. विचारायच्या आत मी फेकायला लागले होते. दिवाळीपासून दोन-अडीच महिने मी सांगलीला मुलीकडे होते आणि रोज सकाळी सव्वासहाला इमारतीमागच्या मोकळ्या प्लॉटवर नातीला चेंडू टाकत होते. सुरुवातीला मोज्यांचे गोळे, मग टेनिसचे चेंडू. उजवा खांदा अजून दुखतोय, पण ते असो.

नात नववीत आहे आणि सॉफ्टबॉल खेळते. हा खेळ आपल्याकडे शाळेबाहेर फारसा कुणाला माहीत नसतो, म्हणून थोडं सांगते. बेसबॉलचा धाकटा भाऊ म्हणा. चेंडू मोठा, बारा इंच घेराचा, बहुधा पिवळा. नावात 'सॉफ्ट' आहे, पण ज्याला तो लागलाय त्याला विचारा! फेकणारी मुलगी, म्हणजे पिचर, हात खालून पाणचक्कीसारखा गरकन फिरवून चेंडू सोडते. ती उभी असते त्रेचाळीस फुटांवर. आमच्या साताऱ्याच्या घराचं मागचं दार ते फाटक एवढंच अंतर असेल. चेंडू बॅटपर्यंत यायला अर्ध्या सेकंदाच्या आसपास वेळ लागतो. तेवढ्यात तो चांगला की वाईट, मारायचा की सोडायचा हे ठरवून बॅट फिरवायची. मी आयुष्यभर मराठी शिकवलं, गणिताशी माझं कधी जमलं नाही, पण अर्धा सेकंद म्हणजे फार थोडा हे मलाही कळतं.

तर झालं असं की २०२५च्या जुलैत, पावसाने मैदान ओलं असताना सरावात एक चेंडू आत आला आणि हिच्या उजव्या हातावर बसला. डोक्याला हेल्मेट होतं, पण बॅट धरलेल्या बोटांना काय असणार? करंगळीशेजारच्या बोटाचं हाड मोडलं. चार आठवडे प्लास्टर, मग बोटांचे व्यायाम. डॉक्टरांनी एक्स-रे बघून सांगितलं, हाड छान जुळलंय, आता खेळायला हरकत नाही. सगळ्यांना वाटलं, झालं, प्रकरण मिटलं.

सप्टेंबरात शाळांच्या स्पर्धा झाल्या. ही नेहमी तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाला मारायला जाणारी. त्या दिवशी तीनदा गेली, तिन्ही वेळा बॅटला चेंडू न लावता परत आली. मुलीचा मला साताऱ्याला फोन. "आई, हिचा फॉर्मच गेला गं." पाठोपाठ जावयांचा. त्यांचं म्हणणं, सराव कमी पडतोय, एखादी चांगली अकॅडमी बघायला हवी. नात फोनवर आलीच नाही.

दिवाळीत गेले तेव्हा एका संध्याकाळी मैदानावर जाऊन बसले. मला खेळातलं कळतं असा माझा दावा नाही. पण पस्तीस वर्षं पोरांकडे बघत काढली आहेत. कुठलं पोर गृहपाठ न करता आलंय आणि कुठलं करूनही घाबरलंय, हे वर्गात पाऊल टाकताच कळायचं. मी हिच्या बॅटकडे बघितलंच नाही, पायांकडे बघत राहिले. चेंडू सुटला की हिचा पुढचा, म्हणजे डावा पाय चेंडूकडे जायच्या ऐवजी बाहेरच्या बाजूला पळायचा. वीतभरच. वर हात, खांदे, नजर सगळं व्यवस्थित चाललेलं, आणि खाली पाय आपला निघालेला घरी! पाय बाजूला गेला की अंग उघडं पडतं, बॅट उशिरा येते, बाहेरचा चेंडू तर हातीच लागत नाही.

तिला विचारलं, "पाय बाजूला जातोय, माहीत आहे का तुला?" म्हणाली, "सर रोज सांगतात. मी ठरवून जाते की हलवायचा नाही. तो हलतोच."

तो हलतोच! मला हे फार प्रामाणिक उत्तर वाटलं. फॉर्म गेला असं आपण म्हणतो तेव्हा वाटतं, मुलगी काहीतरी विसरली आहे आणि पुन्हा शिकवलं की येईल. ही काहीच विसरली नव्हती. उलट तिच्या पायाने एक गोष्ट नको इतकी लक्षात ठेवली होती. जुळलेलं हाड एक्स-रेत दिसतं. पायात बसलेली भीती दिसेल असा फोटो अजून निघालेला नाही.

आता इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगितली पाहिजे. ती सांगायची नसती तर मी हे लिहायलाच बसले नसते.

१९९१ साल. साताऱ्यात आमच्या शाळेचा मुलींचा सॉफ्टबॉलचा संघ होता. मुलींबरोबर बाहेरगावी एक शिक्षिका लागतेच, आणि माझी मुलं मोठी झाली होती म्हणून ती रवानगी बहुतेक माझ्यावर यायची. मी सोबत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घेऊन जायची आणि झाडाखाली तपासत बसायची. त्या संघात आठवीतली एक मुलगी होती. नाव लिहीत नाही. काटक, सावळी, जवळच्याच एका खेड्यातून सायकलवर येणारी. तिने चेंडू मारला की मीसुद्धा लाल पेन खाली ठेवायची. सामन्याच्या दहा दिवस आधी सरावात चेंडू तिच्या डोळ्याखाली लागला. संघाला मिळून हेल्मेट एकच, तेही मोठ्या माणसाच्या मापाचं, डोक्यावर गरगर फिरणारं; सरावाला ते कुणी घालायचं नाही. हाड वाचलं, पण गाल असा सुजला की डोळा दिसेना.

सामन्याच्या दिवशी सूज उतरली होती, काळंनिळं राहिलं होतं. शेवटचा डाव, आम्ही एका धावेने मागे, दोन बाद, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर आमच्या मुली. पाळी हिची. ही उठेचना. सर माझ्याकडे आले. "बाई, तुम्ही सांगा, तुमचं ऐकते ती." आणि मी सांगितलं. मराठीच्या शिक्षिकेकडे शब्दांना काय तोटा? साताऱ्याच्या मातीतली ना तू, म्हटलं. धड्यातल्या झाशीच्या राणीवर एवढा छान निबंध लिहिलास तो काय नुसता गुणांसाठी? चार चेंडू मार, भीती कुठल्या कुठे पळेल.

ती गेली. तीन चेंडू आले, तीन स्ट्राइक. तिसऱ्याला तर तिने बॅट उचललीसुद्धा नाही. मान फिरवून, डोळे मिटून उभी राहिली. परत येताना एसटीत पुढच्या बाकावर एकटी बसली होती. तिच्याशी कुणी बोललं नाही, आणि त्या 'कुणी'त मीही होते. पुढच्या आठवड्यात तिने ग्लोव्ह आणून दिला. "घरी नको म्हणतात, बाई." मी ते लगेच खरं मानलं. खेड्यातली मुलगी, घरच्यांनी बंद केलं असणार. मला सोयीचंच होतं ते.

पंधरा-सोळा वर्षांनी सातारच्या स्टँडवर एक बाई मुलाला कडेवर घेऊन समोर आली आणि वाकून नमस्कार केला. गालावरून ओळखली. इकडचं तिकडचं बोलणं झाल्यावर मी म्हटलं, तुझ्या घरच्यांनी तेव्हा खेळू दिलं असतं तर... ती हसली. "घरचे काही म्हणाले नव्हते, बाई. मला खेळायचं होतं. फक्त त्या दिवशी नव्हतं खेळायचं."

तिची गाडी लागली आणि ती गेली. माझी मेढ्याची गाडी त्या दिवशी चुकली.

सांगलीला जाताना कराड आलं की मला नेहमी गोळेश्वरची आठवण होते. खाशाबा जाधवांचं गाव, कराडला लागूनच. १९५२ साली हेलसिंकीला त्यांनी कुस्तीत कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्याआधी १९४८ला लंडनला ते सहावे आले होते. १९५६च्या मेलबर्नला मात्र गुडघ्याच्या दुखापतीमुळे जाता आलं नाही असं सांगतात. त्या काळी गुडघा गेला म्हणजे गेला. हळद, लेप, मालीश आणि देवावर भरवसा.

त्यानंतर साठेक वर्षांनी आमच्या याच पट्ट्यातला दुसरा एक गुडघा पेपरात आला. स्मृती मानधना. जन्म मुंबईचा, पण लहानपणापासून वाढली सांगलीत, माधवनगरला. भाऊ क्रिकेट खेळायचा, त्याच्या मागोमाग ही. २०१३मध्ये एकोणीस वर्षांखालच्या सामन्यात गुजरातविरुद्ध दीडशे चेंडूंत नाबाद २२४ केल्या तेव्हा सांगलीबाहेरच्यांनाही नाव कळलं. २०१७च्या जानेवारीत ती ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या संघाकडून खेळत होती. क्षेत्ररक्षण करताना वेडीवाकडी पडली आणि गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. या दुखापतीतून मैदानावर यायला डॉक्टर साधारण सहा ते नऊ महिने सांगतात. विश्वचषक पाच महिन्यांवर आलेला. मधले सामने हुकले, विश्वचषकाची पात्रता फेरीसुद्धा. २४ जूनला इंग्लंडमध्ये डर्बीला ती सलामीला आली आणि यजमानांविरुद्ध ७२ चेंडूंत ९० धावा करून गेली. पाच दिवसांनी टाँटनला वेस्ट इंडिजविरुद्ध नाबाद १०६.

ही गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकली आहे. माझ्या नातीला तर ती तीन महिन्यांत इतक्यांनी ऐकवली की पोरीला स्मृतीचं नाव नकोसं झालं. शेजारचे काका, शाळेतल्या बाई, तिचे वडील. "बघ, तिचा गुडघा फाटला होता, तुझं तर बोट मोडलंय!" ऐकताना मला माझाच आवाज ऐकू यायचा, १९९१चा. झाशीच्या राणीच्या जागी फक्त स्मृती आली होती.

मग मी एक केलं. नातीलाच म्हटलं, तुझ्या त्या मोबाइलवर २०१७च्या विश्वचषकाचे स्मृतीचे सगळे आकडे काढ. दोन नव्हे, सगळे. आम्ही ते वहीत उतरवले. ९०. नाबाद १०६. आणि पुढे? २, ८, ४, ३, १३, ६, ०. शेवटचं शून्य लॉर्ड्सवर, अंतिम सामन्यात. तो सामना आपण नऊ धावांनी हरलो. शेवटच्या सात डावांत मिळून ३६ धावा! नात बराच वेळ त्या वहीकडे बघत होती. मग म्हणाली, "हे कुणीच सांगत नाही."

आता त्या सात डावांचं कारण काय हे मी इथे बसून सांगणार नाही. समोरच्या गोलंदाजांनी तिचा अभ्यास केला असेल, दमली असेल, नशीब असेल. माझा मुद्दा वेगळा आहे. परत येणं ही एका दिवसाची गोष्ट म्हणून आपण सांगतो. पडली, उठली, शतक ठोकलं, टाळ्या. कीर्तनात ठीक आहे. मैदानावरचं परत येणं ९० नंतर २ असं असतं, आणि २ नंतरही दुसऱ्या दिवशी पॅड बांधावे लागतात. स्मृतीने ते बांधले. २०१८ संपताना आयसीसीने तिला वर्षातली सर्वोत्तम महिला क्रिकेटपटू ठरवलं. मला विचाराल तर पोरांना दाखवायचे असतील तर ते सात डाव दाखवा. ९० आणि १०६ बघून पोर म्हणतं, हे काही आपल्याला जमणारं नाही. २, ८, ४ बघून म्हणतं, अरे, हे तर माझंच चाललंय.

योगायोग असा की त्याच सुमाराला २०२५चा विश्वचषक आपल्याकडे चालू होता. पहिल्या तीन डावांत स्मृतीच्या ८, २३, २३. घरात लगेच चर्चा, हिचाही फॉर्म गेला. मग ८०, ८८ आणि ऐन भाऊबीजेला नवी मुंबईत न्यूझीलंडविरुद्ध १०९. त्याच सामन्यात तिची सलामीची जोडीदार प्रतिका रावल हिनेही शतक केलं. तीन दिवसांनी बांगलादेशविरुद्ध क्षेत्ररक्षण करताना प्रतिकाचा घोटा दुखावला. उपांत्य सामना नाही, अंतिम सामना नाही. तिच्या जागी आलेल्या शफाली वर्माने अंतिम सामन्यात ८७ केल्या आणि २ नोव्हेंबरला आपण विश्वचषक जिंकलो. घरात फटाके, पेढे. टीव्हीवर सगळ्या जणी मैदानात नाचत होत्या आणि प्रतिका चाकाच्या खुर्चीत बसून त्यांच्यात आली होती. नात पेढा हातात धरून म्हणाली, "आजी, आता हिला परत घेतील का गं?"

मी चमकले. म्हणजे हिची भीती नुसती चेंडूची नव्हती तर! हिच्या जागी शाळेच्या संघात दुसरी मुलगी तिसऱ्या क्रमांकाला जायला लागली होती, आणि बरी खेळत होती. हे कुणी आम्हाला सांगितलं नव्हतं. आम्ही विचारलंही नव्हतं. जो तो विचारायचा एकच, "मग कधी खेळणार आता?" चेंडू लागेल ही एक भीती, जागा जाईल ही दुसरी. पहिली म्हणते घाई करू नको, दुसरी म्हणते घाई कर. मधल्यामध्ये पुढचा पाय बिचारा काय करणार?

यावरून मला नरी कॉन्ट्रॅक्टर आठवले. १९६२च्या मार्चमध्ये वेस्ट इंडिजमध्ये बार्बाडोसला, आपले कप्तान असताना, चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्यावर बसला. मी तेव्हा शाळकरी पोर, पण वडील सकाळी पेपर हातात घेऊन गप्प बसले होते हे आठवतं. कवटीची शस्त्रक्रिया झाली, जीव जायचा तो वाचला. रक्त देणाऱ्यांत आपले बोर्डे, नाडकर्णी, उम्रीगर तर होतेच, पण समोरच्या संघाचा कप्तान फ्रँक वॉरेलही होता. अशा दुखण्यातून उठून कॉन्ट्रॅक्टर पुन्हा उभे राहिले, पुढची कित्येक वर्षं प्रथम श्रेणीचे सामने खेळले. कसोटीत मात्र त्यांना पुन्हा घेतलं नाही. एकतीस कसोट्यांवर गाडी थांबली ती थांबलीच. त्यांना पुन्हा काही होईल या धास्तीने घेतलं नाही असं म्हणतात. म्हणजे ज्याला लागलं तो उभा राहायला तयार, आणि बघणाऱ्यांचाच पाय बाजूला गेलेला!

आमच्या घरातही थोडं तसंच होतं हे कबूल करते. मुलगी मैदानावर यायची बंद झाली होती, बघवत नाही म्हणून. पोरीला ते कळत नसेल?

मग सकाळचे आमचे उद्योग सुरू झाले. शाळेचे क्रीडाशिक्षक भला माणूस, पण एकटे, आणि गळ्यात पाच खेळ. ते म्हणाले, आजी, मी सांगतो तसं करून घ्या. प्लंबरकडून प्लास्टिकच्या पाइपाचा कमरेएवढा तुकडा आणला, रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट घालून उभा केला, वर सायकलच्या ट्यूबचा तुकडा चढवला. त्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. चेंडू जागच्या जागी, अंगावर येण्याचा प्रश्नच नाही. पहिले आठ दिवस एवढंच. पुढच्या पायाच्या बाहेरच्या बाजूला मी एक वीट ठेवली होती. पाय बाजूला गेला तर विटेला लागेल, एवढाच हेतू. गंमत म्हणजे तिथे पाय एकदाही विटेला लागला नाही. म्हणजे पायाला रस्ता माहीत होता.

मग मी बाजूला स्टुलावर बसून मोज्यांचे गोळे वर उडवायचे आणि तिने मारायचे. जावयांचे ऑफिसचे सगळे मोजे त्यात खर्ची पडले. मग समोरून, दहा-बारा फुटांवरून, टेनिसचा चेंडू. इथे पाय पुन्हा पळाला. मी काही बोलले नाही. आमचा नियम ठरला होता, की आजीने पायाबद्दल बोलायचं नाही. फक्त चेंडूवर मी स्केचपेनने लाल किंवा निळा ठिपका काढायची आणि तिने मारता मारता रंग सांगायचा. सुरुवातीला दहात दोन बरोबर यायचे. ही कल्पना सरांची, माझी नाही. ठिपका शोधण्यात डोळा गुंतला की पायाला पळायचं सुचत नाही, असं त्यांचं म्हणणं. मला ते अगदी पटलं. वाचनाला अडखळणाऱ्या मुलाला नीट वाच म्हटलं की तो जास्त अडखळतो. त्याला या पानावर 'आई' हा शब्द किती वेळा आलाय ते शोध म्हटलं की कसा झरझर जातो!

एकदा चेंडू तिच्या दंडाला लागला. माझाच, टेनिसचा. दोघी क्षणभर थांबलो. मग ती म्हणाली, "लागला की गं," आणि हसायला लागली. मला वाटतं, तो दिवस महत्त्वाचा होता. अर्थात हे मला नंतर वाटतंय, तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता.

हे सगळं व्हायला सात-आठ आठवडे लागले, आणि अजून पूर्ण झालेलं नाही. आपल्याकडे या सात-आठ आठवड्यांना जागाच नाही, ही माझी खरी तक्रार आहे. शाळेच्या स्पर्धा पावसाळ्याच्या अखेरीला सुरू होतात, आणि संघ खालच्या फेरीत हरला की त्या शाळेपुरतं वर्ष तिथेच संपतं. दहावीला खेळाडूंना सवलतीचे गुण मिळतात, त्यासाठी ठरावीक पातळीपर्यंतची प्रमाणपत्रं लागतात. पुढे नोकरीत खेळाडूंसाठी आरक्षण. यात वाईट काही नाही. गरिबाच्या मुलीला त्याचा आधारच आहे, आणि सॉफ्टबॉलसारखे खेळ आपल्या शाळांतून टिकले त्यात या गुणांचाही वाटा असेल. पण त्यामुळे होतं काय, की प्लास्टर निघालं की पालक तारीख बघतात. वर्ष हुकलं तर? मग पोर अर्धवट तयारीनिशी उभं राहतं, तीनदा बाद होऊन परत येतं, आणि घरी ठरतं की हिच्यात आता दम राहिला नाही. माझ्या लेकीने आणि जावयांनीही तेच केलं, आणि ते काही वाईट आईबाप नाहीत.

मोठ्या खेळाडूंच्या दुखापतीला बंगळुरूला राष्ट्रीय अकादमी आहे, फिजिओ आहेत, आज इतके चेंडू, उद्या तितके, असं मोजून देणारी माणसं आहेत. खाशाबांच्या गुडघ्यापासून स्मृतीच्या गुडघ्यापर्यंत एवढी मजल आपण मारली, याचा मला आनंदच आहे. पण शाळेतल्या मुलीसाठी डॉक्टरचं 'हरकत नाही' आणि सामना यांच्यामध्ये कुणीच नसतं. तिथे फिजिओ ठेवा असं मी म्हणत नाही, पैसे कुठून आणणार! एक सिमेंटचा डबा, एक पाइप, आणि बाद झालीस तरी चालेल असं मनापासून म्हणणारं एक माणूस. मनापासून हा शब्द महत्त्वाचा. पोरांना खोटं लगेच कळतं. मी १९९१ साली ते म्हटलं असतं तरी खोटंच म्हटलं असतं, कारण मला तो सामना जिंकायचा होता. झाडाखाली बसून पेपर तपासणाऱ्या बाईलासुद्धा!

काही जण म्हणतील, एवढं जपायचं कशाला, भीती अंगावर घेतल्याशिवाय जात नाही. यात तथ्य आहेच. पाइपावरचा चेंडू आयुष्यभर मारून कुणी खेळाडू होत नाही, कधीतरी त्रेचाळीस फुटांवरच्या मुलीसमोर उभं राहावंच लागतं. माझं म्हणणं एवढंच, की कधी उभं राहायचं हे जिला लागलंय तिने ठरवावं. बाकीच्यांनी तोवर चेंडू टाकावेत.

गेल्या आठवड्यात सरावात ती पहिल्यांदा पिचरसमोर उभी राहिली, हेल्मेटला पुढून जाळी लावून. पहिले दोन चेंडू तसेच गेले. तिसऱ्याला तिने नुसती बॅट आडवी धरून चेंडू समोर ठेवला. त्याला बंट म्हणतात. आणि धावत सुटली. पहिल्या बेसच्या दोन पावलं आधी बाद झाली. मी तेव्हा साताऱ्याला परत आले होते, हे मला फोनवर कळलं. मी विचारलं, पाय? म्हणाली, "नियम मोडलास, आजी." मग जरा थांबून, "थोडा गेला होता. पण कमी."

येत्या रविवारी सांगलीतल्या एका क्लबशी त्यांचा मैत्रीचा सामना आहे. तिने सरांकडून नववा, म्हणजे शेवटचा क्रमांक स्वतः मागून घेतलाय. तिसऱ्या क्रमांकावर ती दुसरी मुलगीच जाणार आहे. आमची लेकही या वेळी मैदानावर येणार म्हणते. मी पहाटेच्या एसटीने निघते आहे. स्टूल त्यांच्याकडे आहेच, टेनिसचे चार नवे चेंडू मात्र इथून घेतले आहेत.